मनाची जखम ओळखणारी परिचारिका



पाय मोडला तर सर्वांना दिसतो. प्लास्टर घातलं की शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात. पण मन दुखावलं तर ते कुणाला दिसत नाही. उलट लोक हसतात, नावं ठेवतात. अशा माणसाजवळ बसून त्याचं ऐकून घेणं हेसुद्धा नर्सचं खरं काम आहे, असं ज्यांनी पटवून दिलं, त्या हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांची माहिती मी आज सांगणार आहे.

हिल्डेगार्ड यांचा जन्म १ सप्टेंबर १९०९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रेडिंग येथे झाला. त्यांचे आईवडील बाहेरच्या देशातून येऊन तेथे स्थायिक झाले होते. सहा भावंडांत हिल्डेगार्ड यांचा नंबर दुसरा. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ते फार कष्टाळू होते.

हिल्डेगार्ड नऊ वर्षांच्या असताना, म्हणजे १९१८ साली, इन्फ्लूएन्झाची मोठी साथ आली. ही साथ जगभर पसरली होती. आपल्या देशातही तिने एक कोटीहून जास्त माणसं दगावली. आपल्याकडे जुनी माणसं तिला मानमोडी म्हणत. तापाच्या भरात भान हरपून लोक खिडकीतून उड्या टाकतात, हे छोट्या हिल्डेगार्डने पाहिलं. आजार शरीराला होतो तसा मनालाही हलवून सोडतो, हे तिने इतक्या लहान वयात डोळ्यांनी बघितलं.

पुढे १९३१ साली त्या पॉट्सटाऊन येथील रुग्णालयातून नर्सिंगचं शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. काही वर्षांनी बेनिंग्टन कॉलेजात त्यांना नर्सची नोकरी मिळाली. नोकरी मिळाली म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्याच कॉलेजात त्या विद्यार्थिनी झाल्या आणि १९४३ साली मानसशास्त्राची पदवी मिळवली. त्या काळातच हॅरी स्टॅक सलिव्हन या नामवंत मनोविकारतज्ज्ञांच्या विचारांची त्यांना ओळख झाली. माणसामाणसांतले संबंध बिघडले की मन आजारी पडतं आणि चांगल्या संबंधांनीच ते सुधारतं, असा तो विचार होता.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. हिल्डेगार्ड लष्कराच्या परिचारिका दलात दाखल झाल्या. १९४३ ते १९४५ या काळात त्यांनी इंग्लंडमधील अमेरिकन लष्करी रुग्णालयात काम केलं. तेथे लष्करी मनोविकारशास्त्राची शाळाच होती. लढाईवरून येणाऱ्या काही जवानांच्या अंगावर जखम नसायची, पण मन मोडून गेलेलं असायचं. कुणाला झोप नाही, कुणाचे हात थरथरताहेत. हा भित्रेपणा नव्हे, हा आजार आहे. अशा जवानाला मलमपट्टीचा काय उपयोग? त्याला हवा असतो विश्वासाचा माणूस.

युद्ध संपल्यावर हिल्डेगार्ड यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पुढचं शिक्षण घेतलं आणि १९५३ साली डॉक्टरेट मिळवली. मधल्या काळात त्यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावर एक पुस्तक लिहिलं. ते १९४८ सालीच लिहून तयार होतं, पण छापून आलं १९५२ साली! कारण काय, तर सोबत डॉक्टरचं नाव नसताना एका नर्सने एकटीने असं पुस्तक लिहावं, हे तेव्हाच्या लोकांना रुचत नव्हतं. चार वर्षं वाट बघावी लागली, तरी त्यांनी हार मानली नाही. शेवटी पुस्तक त्यांच्या एकटीच्याच नावाने निघालं. मला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट सर्वांत जास्त आवडली.

त्या पुस्तकात होतं तरी काय? नर्स आणि रुग्ण पहिल्यांदा भेटतात तेव्हा ते एकमेकांना अनोळखी असतात. मग नर्स कधी माहिती सांगते, कधी शिक्षिका होते, कधी पुढे होऊन मार्ग दाखवते, कधी आईच्या किंवा बहिणीच्या जागी असते, तर कधी सल्ला देते. रुग्ण स्वतःच्या पायावर उभा राहिला की तिचं काम पूर्ण होतं.

काळजीच्या चार पायऱ्याही त्यांनी सांगितल्या आहेत. हे आपल्याला लगेच पटेल. परीक्षेची थोडी काळजी असली तर अभ्यास चांगला होतो. काळजी वाढली की लक्ष एकाच गोष्टीवर अडकतं. आणखी वाढली की येत असलेलं उत्तरही आठवत नाही. अगदी शेवटच्या पायरीवर माणूस पार गांगरून जातो. अशा वेळी त्याला रागावून उपयोग नाही, आधी शांत करायला हवं.

१९५४ पासून १९७४ पर्यंत हिल्डेगार्ड यांनी न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात शिकवलं. मनोरुग्णांची सेवा करणाऱ्या तज्ज्ञ परिचारिका तयार करण्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनी तेथे सुरू केला. सुट्टी लागली की त्या ठिकठिकाणच्या सरकारी मनोरुग्णालयांत जाऊन नर्सना शिकवत. आधी तेथे नर्सचं काम म्हणजे आंघोळ घालणं, जेवण देणं आणि कुलपं लावणं. हिल्डेगार्ड यांनी त्यांना रुग्णाशी बोलायला शिकवलं. पुढे अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या त्या अध्यक्षही झाल्या. हे सगळं करत असताना त्यांनी आपल्या मुलीला एकटीने वाढवलं. ती मुलगी पुढे मानसशास्त्राची प्राध्यापिका झाली.

१७ मार्च १९९९ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. आपल्या देशातही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना त्यांचे विचार शिकवले जातात.

मित्रांनो, गावोगावी एखादा माणूस एकटाच बोलत फिरताना दिसतो. पोरं त्याच्या मागे लागतात, कुणी खडे मारतं. मोठी माणसं अंगारे-धुपारे करतात, नाहीतर घरात कोंडून ठेवतात. हा आजार आहे आणि तो बरा करणारे डॉक्टर असतात, हे आपण घरोघरी सांगू या. अशा माणसाला वेडा म्हणण्याऐवजी त्याच्या नावाने हाक मारू या. पालकांनाही विनंती आहे की, घरात कुणी गप्प गप्प राहत असेल तर त्याला लवकर सरकारी दवाखान्यात दाखवावं आणि त्याच्याजवळ घटकाभर बसावं. हिल्डेगार्डबाईंनी जन्मभर हेच शिकवलं.

अशा या थोर परिचारिकेस माझे वंदन!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी