नील्स बोर

नील्स हेन्रिक डेव्हिड बोर (जन्म : कोपनहेगन, ७ ऑक्टोबर १८८५; मृत्यू : कोपनहेगन, १८ नोव्हेंबर १९६२) हे डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९१३ साली मांडलेल्या अणूच्या प्रतिमानामुळे हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचा प्रथमच समाधानकारक उलगडा झाला. अणूंची संरचना आणि त्यांच्यापासून उत्सर्जित होणारे प्रारण यांवरील संशोधनाबद्दल त्यांना १९२२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बालपण व शिक्षण

बोर यांचे वडील क्रिस्टियान हे कोपनहेगन विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. आई एलेन या ज्यू घराण्यातील होत्या. धाकटे बंधू हाराल्ड पुढे गणितज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. १९११ साली धातूंच्या इलेक्ट्रॉन सिद्धान्तावरील प्रबंधासाठी बोर यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर ते इंग्लंडला गेले. केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन यांच्याकडे काही काळ काढून १९१२ मध्ये ते मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्याच वर्षी मार्ग्रेथ नॉर्लुंड यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

हायड्रोजनच्या रेषांचे कोडे

तप्त हायड्रोजन वायूच्या दृश्य प्रकाशात सुमारे ६५६, ४८६, ४३४ आणि ४१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या चार ठळक रेषा दिसतात. स्विस शिक्षक योहान बाल्मर यांनी १८८५ साली या तरंगलांबी पूर्णांकांच्या एका साध्या सूत्रात बसवून दाखवल्या होत्या. सूत्र अचूक होते. पण ते का लागू पडते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

दुसरी अडचण रदरफोर्ड यांच्या १९११ सालच्या अणूची होती. केंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाने अभिजात भौतिकीनुसार सतत प्रारण सोडले पाहिजे आणि क्षणार्धात केंद्रकावर कोसळले पाहिजे. तसे झाल्यास अणू टिकणार नाही आणि वर्णपटात सुट्या रेषाही दिसणार नाहीत.

अणूचे प्रतिमान

१९१३ च्या आरंभी सहकारी हान्स हान्सेन यांनी वर्णपटरेषांविषयी विचारले, तेव्हा बोर यांचे लक्ष बाल्मर यांच्या सूत्राकडे गेले. त्याच वर्षी त्यांचे तीन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांतील गृहीतके अशी होती : इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच राहू शकतो व तेथे तो प्रारण सोडत नाही, या कक्षांमध्ये त्याचा कोनीय संवेग प्लांकच्या स्थिरांकाला २π ने भागून येणाऱ्या राशीच्या पूर्णांक पटीत असतो, आणि वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत येताना दोन्हींच्या ऊर्जेतील फरक प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. प्रकाशाची वारंवारता इलेक्ट्रॉनाच्या फेऱ्यांच्या वारंवारतेइतकीच असते, ही रूढ समजूत येथे मोडीत निघाली.

हायड्रोजनच्या कोणत्याही पातळीची ऊर्जा काढण्यासाठी −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट या संख्येला कक्षेच्या क्रमांकाच्या वर्गाने भागावे लागते. तिसऱ्या कक्षेची ऊर्जा −१.५१ व दुसरीची −३.४० येते. फरक १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजेच ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषा. चौथ्या, पाचव्या व सहाव्या कक्षेतून दुसरीत येताना उरलेल्या तीन रेषा मिळतात. पहिल्या कक्षेत उतरताना अतिनील, तर तिसरीत उतरताना अवरक्त श्रेणी निर्माण होते.

फाउलर यांचा आक्षेप

एडवर्ड पिकरिंग यांना एका ताऱ्याच्या वर्णपटात आढळलेल्या काही रेषा तोवर हायड्रोजनच्या मानल्या जात. बोर यांनी त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या असल्याचे सांगितले. हेलियमच्या केंद्रकावरील प्रभार दुप्पट असल्याने सूत्रातील स्थिरांक हायड्रोजनच्या चौपट यायला हवा होता. मात्र मोजमापानुसार हे गुणोत्तर ४.००१६ येते, असे ब्रिटिश वर्णपटशास्त्रज्ञ आल्फ्रेड फाउलर यांनी निदर्शनास आणले. फरक किरकोळ वाटला, तरी वर्णपटशास्त्राच्या अचूकतेपुढे तो सिद्धान्ताला बाधक ठरू शकत होता. केंद्रक स्थिर नसून तेही किंचित हलते, हे लक्षात घेऊन बोर यांनी पुन्हा गणित केले, उत्तर ४.००१६३ आले. या निकालामुळे प्रतिमानाविषयीचा विश्वास पुष्कळ वाढला.

मर्यादा

दोन इलेक्ट्रॉनांच्या उदासीन हेलियमचा वर्णपट या प्रतिमानातून मिळत नव्हता. रेषांची तीव्रताही त्यातून थेट सांगता येत नव्हती. आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९१६ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा व सापेक्षता यांची जोड देऊन हायड्रोजनच्या रेषांची सूक्ष्म रचना स्पष्ट केली. १९२५–२६ मध्ये हायझेनबर्ग व श्रोडिंगर यांच्या पुंजयामिकीने निश्चित कक्षांची कल्पना मागे टाकली; ऊर्जा पातळ्या व त्यांमधील संक्रमणे मात्र कायम राहिली.

उत्तरायुष्य

१९२१ साली कोपनहेगन येथे बोर यांच्या नेतृत्वाखाली सैद्धान्तिक भौतिकीची संस्था सुरू झाली. तेथे हायझेनबर्ग, पाउली यांच्यासारखे तरुण शास्त्रज्ञ घडले. १९२७ मध्ये बोर यांनी पूरकतेचे तत्त्व मांडले. १९४३ साली नाझींकडून अटक होण्याचा धोका ओळखून ते समुद्रमार्गे स्वीडनला निसटले. पुढे ब्रिटनमार्गे अमेरिकेत जाऊन त्यांनी अणुबाँब प्रकल्पात सल्लागार म्हणून काम केले. अण्वस्त्रस्पर्धा टाळण्यासाठी राष्ट्रांनी परस्परांशी खुलेपणाने वागावे, असे आवाहन त्यांनी १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला लिहिलेल्या खुल्या पत्रात केले. त्यांचे पुत्र ओगे बोर यांना १९७५ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १०७ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्यास नील्स बोर यांच्या सन्मानार्थ बोरियम हे नाव देण्यात आले आहे.