०-४ ने सुरू झालेली गोष्ट

रात्रीचे दोन वाजलेत. होस्टेलच्या रूममधला लाइट बंद, कानात एकच इअरफोन, कारण रूममेट झोपलाय. आणि तुमची टीम हरलीये. सलग तिसऱ्यांदा! मॅच संपायच्या आधीच तुमचा मेसेज ग्रुपवर पडलेला असतो, की या मॅनेजरला आधी हाकला. सकाळी लेक्चरला डोळे लाल आणि डोक्यात तोच राग. ओळखीचं वाटतंय ना?

मग एका मॅनेजरची गोष्ट ऐकाच. पहिल्याच मॅचमध्ये त्याची टीम घरच्या मैदानावर ०-४ अशी हरली. तारीख १९ डिसेंबर १९५९, मैदान ॲनफिल्ड, समोर कार्डिफ सिटी. मॅनेजरचं नाव बिल शँकली. आणि क्लब? लिव्हरपूल.

तुम्हाला माहीत असलेलं लिव्हरपूल जरा बाजूला ठेवा. तेव्हाचं लिव्हरपूल १९५४ पासून सेकंड डिव्हिजनमध्ये अडकलं होतं. शेवटची लीग जिंकली ती १९४७ मध्ये. एफए कप तर क्लबने कधीच जिंकलेला नव्हता. उलट त्याच वर्षी, जानेवारीत, वूस्टर सिटी नावाच्या टीमने त्यांना कपमधून बाहेर काढलं होतं. ही टीम लीगमध्येही नव्हती! स्टेडियमची रया गेलेली, मेलवूडच्या प्रॅक्टिस ग्राउंडवर रान माजलेलं. तरीही शनिवारी कॉप स्टँड भरायचा. गोदीवर, कारखान्यात आठवडाभर राबणारी माणसं तिथे खांद्याला खांदा लावून उभी राहायची.

शँकली याच माणसांमधला होता. जन्म २ सप्टेंबर १९१३, स्कॉटलंडमधल्या ग्लेनबक या कोळशाच्या खाणीच्या गावात. दहा भावंडांतला तो नववा. पाच भाऊ, आणि पाचही जण व्यावसायिक फुटबॉल खेळले. शाळा सुटली तशी शँकलीनेही खाण गाठली. पुढे फुटबॉलने त्याला बाहेर काढलं. प्रेस्टन नॉर्थ एंडकडून तो १९३८ चा एफए कप जिंकला, स्कॉटलंडकडून खेळला. मग दुसरं महायुद्ध आलं आणि ऐन उमेदीची वर्षं गेली.

१९४९ पासून तो मॅनेजर. कार्लाइल, ग्रिम्सबी, वर्किंग्टन, हडर्सफिल्ड. दहा वर्षांत चार क्लब, आणि एकालाही तो वरच्या डिव्हिजनमध्ये नेऊ शकला नाही. आजचा बायोडेटा म्हणून बघा. तुम्ही घेतलं असतं त्याला?

लिव्हरपूलने घेतलं. आल्या आल्या त्याने एक गोष्ट केली नाही, ती महत्त्वाची. जुना कोचिंग स्टाफ काढला नाही. बॉब पेस्ली, जो फेगन, रुबेन बेनेट यांना त्याने कायम ठेवलं. हे सगळे बूट ठेवायच्या छोट्या खोलीत बसून खेळाची चर्चा करायचे. पुढे हीच बूट रूम क्लबचा मेंदू ठरली. खेळाडूंच्या बाबतीत मात्र दयामाया नाही. सुमारे दोन डझन जणांना त्याने हळूहळू बाहेरचा रस्ता दाखवला.

प्रॅक्टिसही बदलली. मैदानाला नुसत्या चकरा मारणं बंद. पाच-पाच जणांच्या छोट्या मॅचेस, पास द्या आणि पळा, बस्स! खेळाडू ॲनफिल्डवर कपडे बदलून बसने मेलवूडला जायचे आणि तसेच घामेजलेले परत यायचे. त्या वेळात अंग निवायचं आणि मगच अंघोळ. साधी गोष्ट, पण १९६५-६६ च्या अख्ख्या सीझनमध्ये लिव्हरपूलने फक्त १४ खेळाडू वापरले आणि लीग जिंकली.

पण हे लगेच झालं नाही हं. पहिल्या सीझनमध्ये तिसरा नंबर. दुसऱ्या सीझनमध्ये पुन्हा तिसरा. वर जायचे पहिले दोघंच. १९६१ मध्ये संचालकांनी एकदाचा हात सैल सोडला, इयन सेंट जॉन आणि रॉन येट्स आले, आणि १९६२ मध्ये टीम वर गेली. १९६४ ला लीग, १९६५ ला पहिलावहिला एफए कप, १९६६ ला पुन्हा लीग.

इथे सिनेमा असता तर संपला असता. पण मग सुरू झाला दुष्काळ. १९६६ नंतर सहा सीझन एकही ट्रॉफी नाही. आणि यात चूक त्याचीही होती. ज्या पोरांनी त्याला जिंकून दिलं, त्यांच्यावर त्याचा जीव होता. त्यांचं वय झालं तरी तो त्यांनाच खेळवत राहिला. फेब्रुवारी १९७० मध्ये सेकंड डिव्हिजनमधल्या वॉटफर्डने कपमध्ये हरवलं, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. येट्स, सेंट जॉन यांची जागा नव्या पोरांनी घेतली. १९७१ मध्ये स्कनथॉर्पहून अवघ्या ३३ हजार पौंडांत केविन कीगन नावाचा पोरगा आला.

त्याच वर्षी मे महिन्यात लिव्हरपूल एफए कपची फायनल आर्सेनलकडून हरलं. हरलेली टीम गावी परतली तर काय व्हावं? रस्ते माणसांनी ओसंडून वाहत होते! सेंट जॉर्जेस हॉलसमोर शँकली त्या गर्दीशी बोलला. तुमच्यासाठी खेळायला मिळणं हे भाग्य आहे, असं मी पोरांना सारखं सांगत आलोय. आज त्यांना ते पटलं असेल, असा त्याचा सूर होता.

हे नुसतं स्टेजवरचं बोलणं नव्हतं. फॅन्सच्या पत्रांना तो स्वतः टाइपरायटरवर उत्तरं द्यायचा. १९७३ मध्ये लीग जिंकल्यावर कोणीतरी त्याच्याकडे मफलर फेकला. एका पोलिसाने तो पायाने बाजूला सारला. शँकलीने पोलिसाला सुनावलं, मफलर उचलला आणि गळ्यात घातला. त्या वर्षी लीगसोबत यूएफा कपही आला. १९७४ मध्ये पुन्हा एफए कप.

आणि जुलै १९७४ मध्ये, साठी पार केलेल्या शँकलीने अचानक राजीनामा दिला. शहराचा विश्वास बसेना. पुढचं वाचायला त्रास होतो. सवयीने तो मेलवूडला जात राहिला. खेळाडू त्यालाच बॉस म्हणायचे, नवा मॅनेजर पेस्लीची अडचण व्हायला लागली. शेवटी आपण इथे नकोसे आहोत हे त्याला कळलं. ते त्याच्या मनाला लागलं. २९ सप्टेंबर १९८१ ला तो गेला. तोवर बूट रूममधल्या पेस्लीने लिव्हरपूलला तीन युरोपियन कप मिळवून दिले होते.

म्हणजे प्रत्येक हरणाऱ्या मॅनेजरला मिठी मारायची का? मुळीच नाही. दोन डझन खेळाडूंना घालवणारा शँकली भाबडा नव्हता, आणि वॉटफर्डनंतर तो स्वतः बदलला नसता तर नुसत्या संयमाने काही झालं नसतं. पण ०-४ च्या त्या स्कोअरकार्डावर बूट रूम दिसत नव्हती, हेही तितकंच खरं. ती दिसायला वेळ लागला.

आज कॉप स्टँडबाहेर त्याचा पुतळा आहे. हात पसरलेले, गळ्यात मफलर.

तेव्हा पुढच्या वेळी रात्री दोनला चिडून टाइप कराल, तेव्हा एवढंच आठवा. त्याच्या काळात असतात आणि तोच राग तुम्ही पत्रात लिहून पाठवला असतात, तर कदाचित टाइप केलेलं उत्तर घरी आलं असतं. तुमच्या मॅनेजरला हाकलायचं की नाही, ते नंतर ठरवा. आधी बघा, तो काही उभारतोय का. आणि हो, त्याला तुम्ही दिसताय का.