कोपरगावचे राघोबादादा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी गोदातीरीचे कोपरगाव पाहिले असेल. लोक ज्यांस राघोबादादा म्हणतात, त्या रघुनाथराव पेशव्यांनी आपले अखेरचे दिवस तेथेच काढिले.

थोरल्या बाजीरावांचे हे पुत्र सन १७३४ त जन्मले. सन १७५८ त त्यांच्या फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. परंतु पेशवेपदाच्या लोभाने घर फुटले. पुतणे माधवराव यांच्याशी लढून सन १७६८ त ते धोडप येथे पराभव पावले व कैदेत पडले. सन १७७३ त दुसरे पुतणे नारायणराव यांचा गारद्यांनी वध केला. त्याचा दोष रामशास्त्र्यांनी दादांवर ठेविला. नाना फडणीस प्रभृती कारभारी विरुद्ध उठले, तेव्हा दादांनी इंग्रजांचा आश्रय घेतला, आणि घरच्या भांडणातून मोठे युद्ध पेटले.

सन १७८२ त सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडिला व दादांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, ते कोपरगावी वारले. परक्यांशी झालेला तो तह सुमारे वीस वर्षे टिकला. घरच्या माणसांशी मात्र समेट झालाच नाही. दादांचे पुत्र बाजीराव तेव्हा अवघे आठ वर्षांचे होते. बापाच्या अपराधापायी ते पहाऱ्यात वाढले. सन १७९६ त तेच पेशवे झाले, आणि पुढल्या वर्षाच्या अखेरीस नाना फडणीस नगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले. सन १८०२ त वसईस पुत्रानेही बापाप्रमाणे इंग्रजांचाच हात धरिला. सन १८१८ त पेशवाई बुडाली.

दावीद व शौल यांच्या घराण्यांतही असेच युद्ध झाले होते. राज्य स्थिर झाल्यावर दाविदाने योनाथानाच्या स्नेहास्तव शौलाचा लंगडा नातू मफीबोशेथ यास शोधून आणविले, त्याच्या आजाची शेते त्यास परत दिली व त्यास आपल्या पंक्तीस बसविले.

बंधुजनहो, बांधाचा किंवा मंडळीतील तंटा पंचांपुढे मिटतो, कागदावर अंगठे उठतात, आणि आपण स्वस्थ होतो. पण हरलेल्याचे मूल आपल्या दारावरून मान खाली घालून जात असेल, तर तंटा मिटला नाही; तो त्या मुलाबरोबर वाढत आहे. म्हणून प्रभुभोजनास येण्यापूर्वी त्या घरी आपण होऊन जावे, आणि त्या मुलास आपल्या ताटाशी बसवावे.