पावाच्या भट्टीपासून सोसायटीपर्यंत

शहरात सोसायटी म्हटले की चार मजली इमारत, पाण्याची टाकी आणि थकलेल्या मेंटेनन्सची यादी डोळ्यांपुढे येते. खेड्यात मात्र सोसायटी म्हणजे कर्ज. पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी, खतासाठी ज्या दारात उभे राहावे लागते ते दार. सचिव, सातबारा, मार्चअखेरचा भरणा, थकबाकी हे शब्द तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. या सोसायटीचे मूळ शोधत निघालो, तर आपण थेट जर्मनीत, ऱ्हाइन नदीच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड नावाच्या थंड, डोंगराळ मुलखात जाऊन पोहोचतो. तिची सुरुवात झाली ती एका बुडालेल्या हंगामातून, आणि सुरुवात करणारा होता एक तरुण सरकारी अधिकारी. त्याचे नाव फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझेन. युरोपात आजही हे नाव हजारो बँकांच्या पाट्यांवर झळकते. आपल्याकडे मात्र ज्यांच्या घरी सोसायटीचे पासबुक आहे त्यांनीही ते क्वचितच ऐकलेले असते.

रायफायझेन यांचा जन्म ३० मार्च १८१८ चा, सीग नदीकाठच्या हाम या गावातला. नऊ भावंडांतले ते सातवे. वडील काही काळ गावचे मेयर होते, पण मुले लहान असतानाच घराचा सगळा भार आईवर आला. ती अत्यंत धार्मिक बाई होती. पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता, तेव्हा गावच्या पाद्रीबुवांनी या मुलाला घरी शिकवले. सतराव्या वर्षी तो प्रशियाच्या तोफखान्यात दाखल झाला. लष्करात नाव काढायचे हे स्वप्न, पण डोळ्यांच्या आजाराने १८४३ मध्ये नोकरी सोडावी लागली. हा आजार पुढे जन्मभर त्यांच्या मागे लागला. मग मुलकी खात्यात कारकुनी, आणि १८४५ मध्ये वायरबुश या गावगटाचे मेयरपद. मेयर म्हणजे आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखा डामडौल नव्हे. वीसेक खेड्यांचा कारभार पाहणारा सरकारी माणूस, जवळपास आपला मामलेदारच.

पहिल्याच वर्षात त्यांनी शाळेचे काम हाती घेतले, लग्न केले, संसार मांडला. आणि १८४६ उजाडले.

त्या वर्षी युरोपभर राय या धान्याचे पीक गेले. बटाट्यावर तर आदल्या वर्षापासूनच करपा पडला होता. आयर्लंडमध्ये याच करप्याने लाखो माणसे मेली, हे पुष्कळांना ठाऊक असते. वेस्टरवाल्डमध्ये तेवढा संहार झाला नाही, पण तिथला शेतकरी मुळातच तुटपुंज्या जमिनीचा. राय आणि बटाटा हेच त्याचे वर्षाचे अन्न, आणि दोन्ही एकदम हातचे गेले. वर हिवाळा बर्फाचा.

सरकारने काही केले नाही असे नाही. सरकारी कोठारातून पीठ आले. मात्र हुकूम असा होता की पीठ रोख पैसे घेऊनच द्यावे. ज्याच्या घरी पीक नाही त्याच्या खिशात रोकड कुठून येणार? हा प्रश्न हुकूम काढणाऱ्याला पडला नव्हता. गंमत म्हणजे अशा हुकमांना देश नसतो, काळही नसतो. दुष्काळी कामांचे जुने कागद चाळणाऱ्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल.

रायफायझेन यांनी हुकूम बाजूला ठेवला आणि पीठ उधारीवर वाटायला सुरुवात केली. नोकरीत नवा असलेला, बायको घरात आलेली, असा माणूस वरच्यांचा हुकूम मोडतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, याची कल्पना सरकारी नोकरी केलेल्या वाचकांना येईल. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गावोगावच्या बऱ्या परिस्थितीतल्या लोकांना गाठून त्यांनी एक निधी उभा केला. त्यातून धान्य आणले. वायरबुशला गावाची एक भट्टी बांधली आणि तिथला पाव गरजूंना चिठ्ठीवर, बाजारापेक्षा बऱ्याच कमी भावात देऊ केला. पैसे पुढच्या सुगीनंतर फेडायचे. वसंतात लागवडीसाठी बटाट्याचे बेणेही मिळवून दिले. हे बेणे मला पावापेक्षा महत्त्वाचे वाटते. भुकेला माणूस पहिल्यांदा बेणेच खातो, आणि ज्याने बेणे खाल्ले त्याचे पुढचे सालही गेले. पाव देऊन त्यांनी माणसे तगवली, बेणे देऊन शेत तगवले.

१८४८ मध्ये त्यांची बदली जवळच्या फ्लामर्सफेल्डला झाली. दुष्काळ सरला होता, पण त्याच्या खुणा गोठ्यांत दिसत होत्या. उपासमारीच्या दिवसांत लोकांनी गुरे विकली होती किंवा कर्जात घालवली होती. आता गाय हवी तर व्यापाऱ्याच्या दारात जायचे. व्यापारी गाय देई, पण ती मालकीने नव्हे. चारा शेतकऱ्याचा, राबणूक शेतकऱ्याची, गाय मात्र पैसे फिटेपर्यंत व्यापाऱ्याची. एखादा हप्ता चुकला की तो दावे सोडून गाय घेऊन जाणार, आणि शेतकऱ्याने आधी भरलेले पैसेही बुडणार. एका वाईट हंगामाचे नुकसान असे वर्षानुवर्षे चालू राहते.

१८४९ मध्ये रायफायझेन यांनी तिथल्या साठ सधन लोकांना एकत्र आणले. या साठ जणांनी आपली सगळी मालमत्ता जामीन ठेवली, त्या पतीवर कर्ज उभे केले आणि संस्थेने स्वतः गुरे खरेदी करून गरीब शेतकऱ्यांना दिली. फेड पाच वर्षांच्या हप्त्यांनी. पाच वर्षे ही मुदत फार विचारपूर्वक ठरवलेली दिसते. एका सुगीत बुडालेला माणूस एका सुगीत वर येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे संस्था गुरांऐवजी रोख कर्जही देऊ लागली.

इथपर्यंतची गोष्ट एका दयाळू अधिकाऱ्याची आहे, आणि तशा गोष्टी आपल्याकडेही आहेत. रायफायझेन वेगळे ठरतात ते पुढच्या पंधरा वर्षांत आलेल्या अपयशामुळे. १८५२ मध्ये ते ऱ्हाइनकाठच्या हेडेसडोर्फला आले. १८५४ मध्ये तिथे त्यांनी पुन्हा सधनांची एक संस्था काढली. अनाथ मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय, गुरे, कर्जे, असा तिचा मोठा पसारा. हळूहळू तिच्यातले वारे गेले. दुसऱ्याच्या कर्जासाठी आपले घर जामीन ठेवायला सधन माणूस एकदा तयार होतो, दोनदा होतो, पण दरसाल कोण होणार? दुष्काळ डोळ्यांसमोर असतो तोवर दया टिकते.

त्याच सुमारास शहरी कारागिरांसाठी पतपेढ्या काढणारे शुल्झे-डेलिट्श यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. योगायोग असा की त्यांनीही १८४६ च्याच टंचाईत आपल्या गावी गिरणी आणि भट्टी चालवली होती. त्यांचे म्हणणे होते की ज्याला कर्ज हवे त्यानेच सभासद व्हावे आणि जोखीम उचलावी. रायफायझेन यांना हे पटायला वेळ लागला. श्रीमंताने गरिबाला हात द्यावा हे त्यांच्या लेखी धर्मकर्तव्य होते, ते सोडायचे म्हणजे श्रद्धेलाच मुरड घालण्यासारखे. अखेर १८६४ मध्ये हेडेसडोर्फची संस्था मोडून तिची कर्जसंस्था झाली, आणि कर्ज घेणाराच तिचा मालक झाला.

तिचे नियम साधे होते. कार्यक्षेत्र लहान, म्हणजे माणसे एकमेकांना ओळखतात. पंच बिनपगारी. कर्ज कशासाठी हवे ते सांगायचे. नफा वाटायचा नाही, तो वाईट दिवसांसाठी गंगाजळीत ठेवायचा. आणि सगळ्यांच्या कर्जाला सगळे जबाबदार. ज्याच्यापाशी तारण नाही त्याला शेजाऱ्यांनी दिलेली साक्ष हेच तारण.

यात एक मोठी अडचण होती. गारपीट किंवा दुष्काळ एका घरावर येत नाही, सगळ्या गावावर येतो. सगळेच बुडाले तर कोण कोणाचा जामीन? म्हणून १८७२ मध्ये त्यांनी गावोगावच्या संस्थांची मिळून नॉयवीडला एक मध्यवर्ती बँक काढली. एका खोऱ्यातली शिल्लक दुसऱ्या खोऱ्यातल्या गरजेला जावी हा हेतू. आपल्या जिल्हा बँकांमागे हीच कल्पना आहे. शुल्झे यांना मात्र हे सगळे बेभरवशाचे वाटत होते. लोकांच्या अल्पमुदतीच्या ठेवी शेतकऱ्याला पाच-दहा वर्षांसाठी कशा देता, हा त्यांचा सवाल, आणि तो काही चुकीचा नव्हता. दोघांचे कडाक्याचे भांडण झाले.

या साऱ्या काळात रायफायझेन यांचे स्वतःचे घर मोडकळीला आले होते. १८६३ मध्ये पत्नी एमिली गेली. दृष्टी इतकी अधू झाली की १८६५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, सरकारने तुटपुंजे निवृत्तिवेतन देऊन त्यांना घरी बसवले. पोटासाठी त्यांनी आधी विडीसारखे सिगार वळण्याचा कारखाना काढला, मग दारूचा, म्हणजे द्राक्षमद्याचा व्यापार केला. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक गावोगावच्या कर्जसंस्थांना मार्गदर्शक ठरले. ते त्यांनी सांगितले आणि थोरली मुलगी अमाली हिने लिहून घेतले. पत्रे, हिशेब, नियमावल्या, सगळे तिच्याच हातचे. ती जन्मभर अविवाहित राहिली. चळवळीच्या इतिहासात तिच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते, ही रुखरुख लागून राहते.

आणखी एक गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. सावकारीवर लिहिताना रायफायझेन यांनी ज्यू व्यापाऱ्यांविषयी त्या काळचे पूर्वग्रह जसेच्या तसे मांडले आहेत. हा डाग आता जर्मनीतही मोकळेपणाने चर्चिला जातो.

आपल्याकडे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, आणि पाठोपाठ १८७६ चा भीषण दुष्काळ आला. न्यायमूर्ती रानडे आणि वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली, ती विलायतेत अडली. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या पतसंस्था अभ्यासायला सांगितले. त्याच्या भल्या थोरल्या अहवालाचा मथितार्थ एवढाच होता की हिंदुस्थानने रायफायझेन शोधावा. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या, त्यांतल्या ग्रामीण संस्थांचा साचा हेडेसडोर्फचाच होता.

रायफायझेन यांनी हे पाहिले नाही. ११ मार्च १८८८ रोजी, सत्तरी पुरी व्हायला १९ दिवस उरले असताना, ते हेडेसडोर्फला वारले. अमाली त्यानंतर नऊ वर्षे जगली. मेयर असताना माल बाजारात नेता यावा म्हणून त्यांनी वायरबुशहून फ्लामर्सफेल्डमार्गे ऱ्हाइनपर्यंत रस्ता करवून घेतला होता. त्या रस्त्याला आता त्यांचे नाव आहे.