आईस कळवलेला निश्चय

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ टेंभू नावाचे एक खेडे आहे. तेथे १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. परंतु त्यांची विद्येची ओढ विलक्षण होती. शिक्षणासाठी त्यांनी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण केली. कधी कचेरीत कारकुनी केली, तर कधी दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले. १८७५ साली अकोल्यास मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

तेथे शिष्यवृत्ती मिळवून व वर्तमानपत्रांत लेख लिहून ते आपला खर्च भागवीत. अंगात घालण्यास सदरा एकच. तो रात्री धुऊन वाळत घालावा व सकाळी पुन्हा चढवावा, असा त्यांचा क्रम असे. अशा स्थितीतही १८७८ साली ते बी. ए. झाले आणि एम. ए.चा अभ्यास करू लागले.

त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणास मोठ्या पगाराची सरकारी जागा सहज मिळे. मुलगा हुद्देदार होईल व घरचे दैन्य फिटेल, अशी आशा आईस वाटणे स्वाभाविकच होते. तिला खोट्या आशेवर ठेवणे आगरकरांस रुचेना. म्हणून अभ्यास चालू असतानाच त्यांनी तिला पत्र लिहिले. मोठ्या पगाराची वाट तिने पाहू नये. प्रपंचापुरते मिळवावयाचे आणि आयुष्य लोकांच्या कामी लावावयाचे, असा आपला निश्चय त्यांनी तिला कळवला. जिने हालात दिवस काढले, त्या माउलीस असे लिहिताना त्यांच्या मनास किती यातना झाल्या असतील!

एम. ए. झाल्यावर ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी त्यांनी टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ पत्र काढले. बालविवाह, विधवांचे केशवपन अशा रूढींवर त्यांनी त्यातून कठोर टीका केली. तेव्हा चिडलेल्या लोकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी त्यांची लेखणी थांबली नाही.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते, तरी अध्यापन व लेखन चालूच होते. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, त्यांचे निधन झाले. धनसंचय त्यांनी केला नव्हता. आईस कळवलेला निश्चय मात्र अखेरपर्यंत पाळला होता.