श्लेष अलंकाराचं चालतंबोलतं उदाहरण : दादा कोंडके

आपल्या बॅचमध्ये दादा कोंडके हे नाव कुणी मोठ्याने घेत नसे. ते मागच्या बाकांवर कुजबुजत फिरायचं आणि त्यांच्या एखाद्या सिनेमाचं नुसतं नाव निघालं तरी सगळा बाक खिदळायचा. १४ मार्च १९९८ रोजी दादा गेले. तो महिना आपल्या दहावीच्या परीक्षेचा. अपेक्षित प्रश्नसंच आणि भूमितीची प्रमेयं यांच्या गर्दीत ती बातमी आपल्यापैकी अनेकांच्या नजरेतून सुटली असेल. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं. मराठीच्या तासाला आपण श्लेष शिकलो : शब्द एक, अर्थ दोन. व्याकरणात दोन मार्कांना असलेल्या या अलंकारावर एका माणसाने आयुष्यभराची कारकीर्द उभी केली.

दादांचं खरं नाव कृष्णा. जन्म ८ ऑगस्ट १९३२, मुंबईत नायगावच्या चाळीत. मूळ गाव पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्यातलं इंगवली. घरची माणसं गिरणीत कामाला. परळ-लालबाग-नायगावचा तो सगळा पट्टा गिरणीच्या भोंग्यावर उठायचा आणि भोंग्यावर झोपायचा. कोकण आणि घाटावरून पोटासाठी आलेली माणसं तिथे एकेका खोलीत दहा-बाराजण राहत. पण त्याच चाळींत भजनी मंडळं होती, गणपतीतले मेळे होते, नाटकं होती. दादांचं शिक्षण तिथेच झालं म्हणायला हरकत नाही. पुढे त्यांनी ‘अपना बाजार’मध्ये महिना ६० रुपयांवर नोकरी केली, बँडमध्ये वाजवलं आणि मग सेवा दलाच्या कलापथकात शिरले. निळू फुले आणि राम नगरकर हेही त्याच मुशीतले. कलापथकाचं काम सामाजिक प्रबोधनाचं. पण समोरचा श्रोता दिवसभर राबून आलेला असे. त्याला आधी हसवल्याशिवाय तो काही ऐकून घेत नाही, हे दादा तिथे शिकले.

१९६५ मध्ये वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य दादांनी रंगमंचावर आणलं. त्यातला हवालदार त्यांनी स्वतः केला. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग असा क्रम असतो. वगाला संहिता असली तरी ती दगडावरची रेघ नसते. आजच्या वर्तमानपत्रातली बातमी, समोर बसलेला पुढारी, गावातलं ताजं भांडण, असं काहीही त्यात बसवता येतं. दादांची खरी ताकद तीच होती. त्यांच्या हजरजबाबीपणामुळे कालचा प्रयोग आणि आजचा प्रयोग सारखा नसायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी गोष्ट लोकांच्या हाती देण्याआधी ती वेगवेगळ्या तऱ्हेने तपासून घेतो. दादांनी विनोदाची अशी चाचणी दीड हजारांहून अधिक प्रयोगांत घेतली. कुठल्या शब्दाआधी थांबायचं, चेहरा किती बावळट ठेवायचा, हशा किती वेळ चालू द्यायचा, याचं उत्तर त्यांना रोज रात्री समोरून मिळत होतं. पुढे पडद्यावर जे सहज वाटलं, त्यामागे ही तालीम होती.

‘विच्छा’च्या चाहत्यांमध्ये आशा भोसले होत्या. त्यांनी दादांचं नाव भालजी पेंढारकरांना सुचवलं आणि १९६९ च्या ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमातलं पहिलंच पाऊल भालजींसारख्या गुरूच्या हाताखाली पडलं, हे दादांचं भाग्य.

पण खरे दादा दिसले ते १९७१ च्या ‘सोंगाड्या’त. निर्माते ते स्वतः, लेखक पुन्हा सबनीस, दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी. तमाशाच्या नादाला लागलेला भाबडा नाम्या, त्याची करारी आये म्हणजे रत्नमाला आणि तमाशातली कलावती म्हणजे उषा चव्हाण. दादरच्या ‘कोहिनूर’ चित्रपटगृहात देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी या चित्रपटाला जागा नाकारली गेली, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसैनिक रस्त्यावर उतरले आणि ‘सोंगाड्या’ लागला. लागला तो उतरायलाच तयार होईना.

मग ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ अशी रांग लागली. दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे सलग २५ आठवडे, गाठला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. ढगळ हाफपँट, लोंबणारी नाडी आणि अंगात बंडी, असा नायक त्याआधी कुणी पाहिला नव्हता. थिएटरात बसलेल्या गिरणी कामगाराला त्यात गावाकडचा भाऊ दिसायचा. त्याला सगळे खुळा समजतात आणि शेवटी शहाण्यांची फजिती तोच करतो.

माणसं हेरण्याची दादांची नजरही पक्की होती. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही त्यांनी हाती घेतलं आणि त्यात अशोक सराफांना मोठी भूमिका दिली. मुंबईत साध्या पोलिसाला पांडू म्हणतात, तो शब्दही या चित्रपटाची देणगी. याच चित्रपटासाठी त्यांनी सुरेंद्र आणि विजय पाटील या दोन संगीतकारांची राम-लक्ष्मण अशी जोडी बांधली. राम लवकर गेले, पण विजय पाटलांनी जोडीचं नाव सोडलं नाही. आपल्या गॅदरिंगमध्ये ज्या ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’च्या गाण्यांवर नाच बसले, त्यांचे संगीतकार राम-लक्ष्मण ते हेच!

आता श्लेषाकडे. सेन्सॉरशी दादांचे खटके कायमचे. त्यांची बाजू साधारण अशी असे की, शब्दाचा सरळ अर्थ निर्मळ आहे आणि दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनातून येतो. युक्तिवाद बिनतोड आहे, पण पुरता खरा नाही. दुसरा अर्थ कुठे पडणार हे दीड हजार प्रयोग केलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. एक बाई म्हणून सांगते, त्यातल्या काही विनोदांना आजही हसू येत नाही, कारण ते बाईच्या अंगावर येऊन थांबतात. नंतरच्या चित्रपटांत, विशेषतः ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’सारख्या हिंदी चित्रपटांत, गोष्ट पातळ होत गेली आणि दुसरा अर्थच तेवढा उरला. मात्र ‘पांडू हवालदार’मधली पारू केळेवाली हवालदाराला पुरून उरते, हेही विसरता येत नाही.

१९८२ चा गिरणी संप लांबला, गिरण्या थंडावल्या आणि दादांना घडवणारी ती वस्तीच विस्कटू लागली. माझ्या मते दादांच्या चित्रपटांचा कस उतरण्याचं एक कारण इथे आहे. विनोद पारखून देणारा जाणकार प्रेक्षकच पांगला होता.

घरी मात्र दादा एकटे होते. संसार टिकला नाही. शेवटी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराने गाठलं आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘एकटा जीव’ आहे. सिनेमाच्या नावातला सदाशिव तिथे गळला आहे आणि या नावाला दुसरा अर्थ नाही.

आपल्या शिक्षकांना एक विनंती. पुढच्या संमेलनात रात्री मोठ्या पडद्यावर ‘सोंगाड्या’ लावू या. या वेळी पुढच्या बाकावर तुम्ही बसा, आणि हसू आलं तर दाबू नका.