मर्चंट की हजारे?

आमच्या वर्गात हजारेभक्त फार. ते सांगलीचे, म्हणजे शेजारचेच! मी मात्र मर्चंटांच्या बाजूचा. विजय मर्चंट (१९११–१९८७) मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजचे, म्हणजे आम्हां कॉमर्सवाल्यांचे. मूळ आडनाव ठाकरसी. घरच्या व्यापारावरून शाळेत ‘मर्चंट’ लागले ते कायमचे.

१९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून त्यांनी नाबाद २५० धावा काढल्या. विजय हजारेंनी ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ काढून उत्तर दिले. त्याच मोसमात मर्चंट महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९! प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, वर फक्त ब्रॅडमन.

विरोधक म्हणतात, मर्चंट कसोट्या खेळले दहाच, त्याही सगळ्या इंग्लंडशी. अ‍ॅडलेडला लिंडवॉल-मिलरसमोर दोन्ही डावांत शतके ठोकली ती हजारेंनी, १९४८ साली. हे काही खोडता येत नाही. पण महायुद्धाने मर्चंटांची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली (हजारेंचीही खाल्ली, पण ते वयाने लहान), आणि १९४७ चा ऑस्ट्रेलिया दौरा आजारपणाने हुकला.

पाच वर्षांच्या खंडानंतर, १९५१ साली, चाळिशीचे मर्चंट दिल्लीच्या कसोटीत उतरले आणि १५४ काढून गेले. जोडीला कर्णधार हजारे, नाबाद १६४. भागी २११ धावांची. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंटांचा खांदा दुखावला. पुढे ते कसोटी खेळले नाहीत.